तटबंधांच्या आतली माणसे

कोशीला आवर घातला की उत्तर बिहारचे दैन्य फिटेल, या आश्वासनावर १९५५ साली तिच्या दोन्ही तीरांवर तटबंध घालण्यास आरंभ झाला. त्या वेळी लोकांनी आपखुशीने घमेली उचलली. त्यांच्या उत्साहाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सत्तर वर्षांनंतरही प्रत्येक महापुरावर 'तटबंध आणखी उंच करा' हाच तोडगा पुढे केला जातो, त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

दख्खनच्या खडकाळ पात्रांची सवय झालेल्या आपणां मराठी माणसांना ही नदी सहसा उमगत नाही. कोशी पाण्याबरोबर हिमालयाची मातीही आणते. मोकळी होती तेव्हा तो गाळ ती शिवारावर पसरी आणि पात्र बदली. दोन-अडीचशे वर्षांत ती शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकली. तटबंधांनी पाण्याबरोबर गाळही अडविला. तो आत साचून तळ चढत गेला आणि भोवतालच्या शेतांहून नदीच उंच झाली. आता भिंत वाढविणे म्हणजे माळ्यावरचा हंडा काठोकाठ भरून खालच्यांना निर्धास्त निजावयास सांगणे होय. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे पूर्वेकडील तटबंध फुटला, तेव्हा नदीत सुमारे १.४४ लाख क्युसेक पाणी होते. बांधणी होती ९.५ लाखांची! तीस लाखांवर माणसांना त्याची झळ पोहोचली. यास दैवी आपत्ती म्हणावयाचे धाडस आम्हांस होत नाही.

बिहारातील तटबंध १९५४ साली सुमारे १६० किलोमीटर होते, ते पुढे तीन हजारांवर गेले; पूरग्रस्त क्षेत्र मात्र १९५२ च्या २५ लाख हेक्टरांवरून १९९४ पर्यंत जवळजवळ ६९ लाखांवर पोहोचले.

आणि आतली माणसे? दोन तटबंधांच्या मध्ये तीनशेहून अधिक गावे कोंडली गेली. त्यांना बाहेर घरापुरती जागा देऊ केली. शेत आतच राहिले. नांगर एकीकडे आणि चूल दुसरीकडे ठेवून कुणबी जगतो काय? पुष्कळजण परतले. सप्टेंबर २०२४ मध्ये वीरपूरच्या बंधाऱ्यातून ६.६१ लाख क्युसेक पाणी सुटले, ते प्रथम त्यांच्याच अंगणात शिरले. बाहेरच्या प्रदेशास 'संरक्षित' म्हणतात. त्या संरक्षणाची किंमत यांनी मोजली.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने कोशीचे पाणी मेची नदीकडे वळविण्याच्या ६,२८२ कोटींच्या योजनेस मान्यता दिली. तिचा कालवा होवो वा न होवो. कोंडलेल्या गावांपैकी कोणास काय दिले व कोणाचे देणे राहिले, याचा गाववार हिशेब आधी प्रसिद्ध व्हावा, अशी आमची मागणी आहे.