प्रधानमंत्री सूर्यघर योजना: किलोवॅट आणि युनिट यांतला फरक समजून घ्या

‘300 युनिट मोफत वीज’ हे वाचून अनेकांना वाटते की सरकार दरमहा 300 युनिट फुकट देणार. तसे नाही. ही वीज तुमच्या छतावरचे पॅनेल तयार करतात. सरकार ते बसवण्यासाठी अनुदान देते. म्हणून कोलकात्यात अर्ज करण्याआधी दोन शब्द नीट समजून घ्या.

किलोवॅट म्हणजे क्षमता. 1,000 वॅट म्हणजे 1 किलोवॅट. युनिट म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली किंवा तयार झालेली वीज. 1,000 वॅटचे उपकरण एक तास चालले की 1 युनिट होते. 75 वॅटचा पंखा रोज 10 तास चालला, तर महिन्याला साधारण 22 युनिट लागतात.

योजनेच्या अंदाजानुसार 3 किलोवॅटच्या पॅनेलमधून महिन्याला सरासरी 300 युनिट मिळतात, म्हणजे 1 किलोवॅटमागे सुमारे 100. ही वर्षभराची सरासरी आहे. कोलकात्याच्या पावसाळ्यात ढगांमुळे वीज कमी तयार होते. शेजारच्या इमारतीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडली, तरीही उत्पादन घटते.

आता तुमचे बिल काढा. त्यात युनिट किती, ते पाहा, रुपये नंतर. बिल तीन महिन्यांचे असेल, तर युनिटना तीनने भागा. शक्यतो वर्षभराची सरासरी काढा. फक्त मे महिन्याच्या बिलावरून ठरवू नका.

फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत अनुदान असे आहे:

- 1 किलोवॅट: 30,000 रुपये
- 2 किलोवॅट: 60,000 रुपये
- 3 किलोवॅट किंवा अधिक: 78,000 रुपये

म्हणजे 5 किलोवॅट बसवले तरी अनुदान 78,000 रुपयेच. वाढीव खर्च तुमचा. दरमहा 150 युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला 1 ते 2 किलोवॅट पुरतात. विक्रेता मोठी यंत्रणा सुचवत असेल, तर ‘माझ्या युनिटच्या हिशेबाने किती किलोवॅट लागतील?’ असे विचारा.

1 किलोवॅटसाठी सुमारे 100 चौरस फूट सावलीविरहित छत लागते. इमारतीचे छत सामाईक असेल, तर आधी सोसायटीशी बोला. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करा आणि नोंदणीकृत विक्रेताच निवडा. अनुदान यंत्रणा बसवून तपासणी झाल्यावर बँक खात्यात जमा होते, त्यामुळे सुरुवातीच्या पैशांची सोय आधी करून ठेवा.