घराची चावी कोणाच्या वहीत?

आमच्या घरातला पहिला ईमेल पत्ता 2014 साली तालुक्याच्या बसस्टँडजवळच्या एका नेट कॅफेत तयार झाला. माझ्या अकरावीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी तो हवा होता. कॅफेवाल्याने पप्पांच्या नावाने खातं उघडलं, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवला आणि खातं परत मिळवायचा नंबर म्हणून स्वतःचाच मोबाईल टाकला, कारण त्या दिवशी पप्पांच्या फोनची बॅटरी उतरली होती. माणूस वाईट नव्हता. आमच्या वस्तीतल्या निम्म्या पोरांचे फॉर्म त्यानेच भरले.

पुढची नऊ वर्षं सगळं त्या एका पत्त्यावर येत राहिलं. माझी शिष्यवृत्ती, भावाचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन, जात वैधतेच्या अर्जाची पोच, पप्पांच्या निवृत्तीची कागदपत्रं. 2023 मध्ये पप्पांचा फोन एसटीत राहिला. नव्या फोनवर खातं उघडायला गेलो, तर कोड जायचा कॅफेवाल्याच्या नंबरवर. कॅफे तोवर बंद पडलं होतं, तिथे आता चिकनचं दुकान. बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला जुन्या मेलमधली पोच हवी होती आणि हातात तीन आठवडे. अखेर तो माणूस चाकणला कंपनीत कामाला असल्याचं कळलं. फोनवर त्याने कोड सांगितला आणि हसून म्हणाला, “ताई, मी अजून किती जणांना कोड देऊ?” मुदतीला एक दिवस उरला होता.

मोठ्या टेक कंपन्यांकडून मेल आणि कॅलेंडर काढून घ्या, असं सांगणारे लेख इंग्रजीत पुष्कळ सापडतात. त्यात कारण एकच असतं, खासगीपण. ते महत्त्वाचं आहेच. पण ज्याच्या घरी सात-बारा आहे, वकील काका आहेत, ओळखीचा तहसीलदार आहे, त्याला ईमेल ही सोय असते. आपल्यासारख्या, घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्यांच्या कुटुंबात ईमेल म्हणजे कागदांची पेटी. ती उघडली नाही, तर आपण कोण आहोत हे सिद्ध करायला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं. म्हणून माझा प्रश्न साधा आहे: चावी कोणाकडे आहे, आणि हरवली तर परत मिळवायला आपल्याला कोणाच्या दारात जावं लागतं?

गुगलने 2023 च्या मे महिन्यात जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जाऊ शकतात, आणि त्याच डिसेंबरपासून तसं सुरूही झालं. फक्त फॉर्म भरायच्या वेळी मेल उघडणाऱ्या आई-वडिलांचा विचार करा. विद्यापीठाचा मेल तर आणखी बेभरवशाचा. पदवी संपली की बऱ्याच ठिकाणी तो बंद होतो. तिथे नोकरीचे अर्ज आणि संशोधनाचा डेटा ठेवणाऱ्या मित्रमैत्रिणींना मी हे सांगून थकले आहे.

मालक कोण, हाही प्रश्न आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये दलित इतिहास महिन्यानिमित्त थेनमोळी सौंदरराजन यांचं गुगलमध्ये ठरलेलं व्याख्यान काही कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर रद्द झालं. त्यांना बोलावणाऱ्या अधिकारी तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला. आपली सगळी पत्रं जिथे पडून आहेत, त्या इमारतीत आपला विषय बोलायलाही जड जातो, हे विसरता येत नाही. मग स्वदेशीकडे जावं का? 2025 मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा मेल झोहो या चेन्नईच्या कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आमच्या विभागातही टाळ्या वाजल्या. कंपनी चांगली असेल, पण गावचा सावकारही स्वदेशीच होता. आणि स्वित्झर्लंडची सेवा घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल देशात बंद करण्यासाठी पावलं उचलायचे निर्देश केंद्राला दिले. सेवा त्यानंतरही चालू राहिली, पण धडा मिळाला. कुठलंही घर कायमचं नाही, तेव्हा बिऱ्हाड उचलता आलं पाहिजे.

बिऱ्हाड उचलता येण्यासाठी पत्ता आपला हवा. ॲटच्या पुढचं नाव, म्हणजे डोमेन, आपण विकत घेतलं की मेल कोणत्याही कंपनीकडे ठेवता येतो आणि कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. वर्षाला साधारण 700 रुपये. तांत्रिक काम एका शनिवारात उरकलं. खरा वेळ गेला तो नावात.

पप्पा म्हणाले, आडनाव टाका. बंगळुरूहून भाऊ फोनवर म्हणाला, अजिबात नाही. आडनाव ऐकून त्याला दोन घरमालकांनी ‘खोली गेली’ म्हणून सांगितलं होतं; नोकरीच्या अर्जावर, पत्त्यातच जात लिहून पाठवायची त्याची तयारी नव्हती. पप्पांनी तीस वर्षं नगरपरिषदेत झाडू मारला, पण कधी नाव बदललं नाही. “मी तुम्हाला लपवायला शिकवलं का?” एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. दोघंही बरोबर होते, आणि माझ्या एमएच्या पुस्तकांत यावर उत्तर नव्हतं. दोन आठवडे कोणी विषय काढला नाही. शेवटी आई म्हणाली, आजीचं नाव द्या. डोमेन आजीच्या नावाचं झालं, आणि ॲटच्या अलीकडे ज्याने त्याने आपल्याला हवं ते लिहिलं. पप्पांनी आडनाव लिहिलंय. भावाने नाही.

कॅलेंडरचं आम्हाला नवल नव्हतं. आजोबांच्या घरात भिंतीवर एकादशी-चतुर्थीचं पंचांग होतं. धम्मदीक्षेनंतर ते कधीतरी उतरलं आणि तिथे दीक्षाभूमीवरून किंवा चैत्यभूमीवरून आणलेली दिनदर्शिका लागली. म्हणजे कॅलेंडर बदलणं हे आपल्या लोकांनी आधीच एकदा केलेलं आहे. मी 3 जानेवारी, 20 मार्च, 11 एप्रिल, 14 एप्रिल, 26 जून, 25 डिसेंबर अशा तारखांची एक आयसीएस फाइल केली. हा खुला प्रकार आहे, कोणत्याही कॅलेंडरमध्ये उघडतो. बचत गटाचे हप्ते, आईच्या आशा सेविकांच्या बैठका, बहिणीच्या ड्यूट्या यांची दुसरी फाइल झाली.

आणि पहिल्याच महिन्यात पप्पांची डोळ्यांच्या दवाखान्यातली तारीख चुकली. अँड्रॉइड फोनला असं बाहेरचं कॅलेंडर जोडायला वेगळं ॲप लागतं. मी डॅव्हएक्स फाइव्ह टाकलं होतं, पण फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने ते मागच्या मागे बंद केलं. सूचना वाजलीच नाही. पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली. चूक माझीच, हैदराबादला बसून मी ‘झालं’ असं ठरवून टाकलं होतं. आता प्रत्येक तारीख भिंतीवरही लिहितो.

दुसरी गोष्ट आईने पकडली. “म्हणजे तुला सगळ्यांचं सगळं दिसणार?” स्वतःचा सर्व्हर चालवायचा माझा बेत होता, नेक्स्टक्लाउड वगैरे. तो तिथेच संपला. कॅफेवाल्याची वही काढून मी माझी वही ठेवत होते. शिकलेल्या पोरीच्या हातात घराचे सगळे पासवर्ड जाणं ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट समजतात. बहिणीला ते मुळीच कौतुकाचं वाटलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. आता मेल पैसे घेऊन सेवा देणाऱ्या एका छोट्या कंपनीकडे आहे, प्रत्येकाचा पासवर्ड त्याचा त्याचा, आणि सामाईक फक्त एकच कॅलेंडर.

एक धोका मात्र सांगून ठेवते. डोमेनचं नूतनीकरण चुकलं, तर ते नाव दुसरा कोणी घेऊ शकतो, आणि मग तुमचे पासवर्ड बदलायचे मेलही त्याला जातील. फेलोशिप चार-चार महिने न येणाऱ्यांनी हे हलक्यात घेऊ नये. थकबाकी हातात आली तेव्हा मी पाच वर्षांचे पैसे एकदम भरले. बँक आणि सरकारी पोर्टलवर अजून जुनाच पत्ता आहे. एकेक करून बदलतोय, पुढचा मेल नव्या पत्त्यावर आल्याची खात्री करून. जुन्या खात्यातलं सगळं टेकआउटने उतरवून पेन ड्राइव्हवर घेतलं आणि थंडरबर्डमध्ये उघडून पाहिलं. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नाही.

चाव्यांचे कागद, म्हणजे खातं परत मिळवायचे कोड, आईने जात वैधतेच्या प्रमाणपत्रांच्याच फाइलमध्ये ठेवलेत, पत्र्याच्या पेटीत. 2014 चं ते खातं बंद केलेलं नाही. नंबर तेवढा बदलला. बहिणीच्या शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता यायचा आहे, आणि त्याची सूचना तिथेच येणार.