थकवा म्हणजे आळस नव्हे

मल्टिपल स्क्लेरॉसिस हा आजार आपल्याकडे तसा विरळा. त्यामुळे तो लवकर ओळखूही येत नाही. विजेच्या तारेवर जसे वेष्टण, तसे मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिनचे आवरण असते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच त्या आवरणावर उलटते आणि मेंदूचे संदेश मंदावतात किंवा अडतात. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो. स्त्रियांत अधिक आढळतो. नजर अंधुक होणे, तोल जाणे ही लक्षणे घरच्यांना दिसतात. दिसत नाही तो थकवा.

माझ्याकडे येणाऱ्या एका तरुण गृहिणीचे हातपाय ठीक चालतात. पण सकाळचा स्वयंपाक उरकला की तिला अंथरूण धरावे लागते. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पूर्वी किती उत्साही होती! आता आळशी झाली आहे, वर चिडचिड." माझी हरकत या 'आळशी' शब्दाला आहे.

हा थकवा कष्टानंतरचा नव्हे. रात्रभर झोपूनही तो सकाळी हजर असतो. बहुसंख्य रुग्णांना तो जाणवतो आणि अनेकांना तोच सर्वांत जाचक वाटतो. उष्म्याने तो वाढतो. श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. त्यामागे शरीराची वाढलेली उष्णता असते, हे मागाहून कळले. मग मे महिन्यात चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईचे काय होत असेल?

स्वभावाचेही तसेच. मेंदूला झालेल्या इजेमुळे विसर पडतो, विचार मंदावतो, कधी राग किंवा रडू आवरत नाही. नैराश्यही या रुग्णांत बरेच आढळते. मूळच्या काळजीखोर माणसाला थकवा अधिक जाचतो हे खरे. पण म्हणून थकवा हा स्वभावदोष ठरत नाही.

मात्र प्रत्येक थकव्याचे खापर या आजारावरही फोडू नये. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, अपुरी झोप, नैराश्य व काही औषधे यांनीही थकवा येतो आणि त्यावर उपाय आहेत. तेव्हा तपासणी करून घ्यावी. जड कामे सकाळच्या गारव्यात करावीत, मधे विश्रांती घ्यावी, गार पाण्याने अंग पुसावे. झेपेल तेवढा नियमित व्यायाम हितकारक असतो. औषधे मनाने बंद करू नयेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. कायद्याला जे पटले, ते घरातल्यांना पटायला काय हरकत आहे? टोमण्याने थकवा जात नाही. रुग्ण तो लपवू लागतो एवढेच. त्यापेक्षा दुपारची भाकरी दुसऱ्या कोणी थापावी. तोही उपचाराचाच भाग आहे.