कमी झालं, पण काय?

मुलांनो,

‘रिडक्शन’ हा इंग्रजी शब्द तुमच्या कानांवर कधी ना कधी पडला असेल. शब्दकोश उघडलात तर अर्थ सापडतो : घट, कमी करणे. एवढं पाठ करून भागलं असतं, तर मला आज लिहायला काही उरलंच नसतं! पण हा पठ्ठ्या स्वयंपाकघरात एक वेष घालतो, गणिताच्या तासाला दुसरा, आणि दवाखान्यात तर ओळखूच येत नाही.

स्वयंपाकघरातला वेष सोपा. आई बासुंदीसाठी दूध आटवते ना, तेच. गुऱ्हाळात मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळून आटवतात, त्याची आधी काकवी होते आणि मग गूळ. रस केवढा तरी कमी होतो, पण गोडी कुठे जाते? कुठेच नाही. उडून जातं ते पाणी.

आता गणित. ६/८ ला अतिसंक्षिप्त रूप द्या म्हटलं, की तुम्ही अंशाला नि छेदाला २ ने भागून ३/४ लिहिता. इंग्रजी शाळेतले तुमचे मित्र यालाच ‘रिड्यूस’ करणं म्हणतात. मग मी वर्गात विचारते, “मोठा कोणता, ६/८ की ३/४?” निम्मे हात ६/८ साठी वर! अहो, एक भाकरी घ्या. तिचे आठ सारखे तुकडे करून सहा खा, नाहीतर चार करून तीन खा. पोट सारखंच भरणार. आकडे लहान झाले, भाकरी नाही. (आठ तुकडे केले तर चुरा जास्त सांडतो, असं एका मुलाने मला सुनावलं. ते मात्र खरं!)

दवाखान्यातली गोष्ट थोडी गंभीर आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा चिंचेवरून पडला. मनगटाजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचे वडील कागद घेऊन शाळेत आले. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं : ‘क्लोज्ड रिडक्शन’. त्यांनी मोठ्या मुलीच्या शब्दकोशात अर्थ पाहिला होता. “बाई, हाड कापून कमी करणार का हो? पोराचा हात आखूड राहील!” त्यांनी सही केली नव्हती. पाला बांधून घरीच ठेवू, असं आजीचं म्हणणं.

मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. मोडलेल्या हाडाची दोन टोकं एकमेकांवरून सरकलेली दिसत होती. भूल देऊन, बाहेरूनच ओढून ती पुन्हा जागेवर बसवायची, म्हणजे ‘क्लोज्ड रिडक्शन’. कातडी उघडून बसवली तर ‘ओपन’. हाडाचा कणही कमी करायचा नाही! या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘रे’ म्हणजे परत आणि ‘डूकेरे’ म्हणजे नेणे. हाडाला परत त्याच्या जागी नेणे, एवढाच अर्थ. वडिलांनी तिथेच सही केली. काही आठवड्यांनी प्लास्टर निघालं, आणि स्वारी पुन्हा त्याच चिंचेखाली दिसली. खाली, वर नाही, हेच नशीब.

पालकहो, असा शब्द दिसला तर घरी नेऊन शब्दकोशात शोधत बसू नका. लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच समोरासमोर विचारा.

रसायनशास्त्रात याच शब्दाला मराठीत ‘क्षपण’ म्हणतात. तुमच्या ताई-दादांच्या पुस्तकात सापडेल. हेमॅटाइट हे लोखंडाचं खनिज. शुद्ध हेमॅटाइट १६० किलो घेतलं, तर त्यात ११२ किलो लोखंड आणि ४८ किलो ऑक्सिजन असतो. झोतभट्टीत कोळशापासून झालेला कार्बन मोनॉक्साइड वायू हा ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे धातू उरतो. इथे वजन कमी झालं, आणि मातीसारख्या दिसणाऱ्या दगडातून धातूही परत मिळाला. दोन्ही अर्थ एकाच भट्टीत! पुढे अकरावीत गेलात की सर सांगतील, “इलेक्ट्रॉन मिळणे म्हणजे क्षपण.” तेव्हा गोंधळू नका. इलेक्ट्रॉनवर ऋण विद्युतभार असतो. तो आत आला की भाराचा आकडा खाली उतरतो.

राहता राहिला बाजार. दुकानाबाहेर पाटी आहे : १०० रुपयांच्या वहीवर २० टक्के सूट, आणि उरलेल्या किमतीवर आणखी १० टक्के. दुकानदार म्हणतो, “एकूण ३० टक्के कमी केले!” वही ७० रुपयांना मिळेल का? दुसरे १० टक्के कशाचे, ते आधी ठरवा आणि मग आज रात्री जेवताना हे गणित आईबाबांना घाला. त्यांना कागद-पेन्सिल द्यायची नाही हं!