प्रिंटरला पत्ता हवा, खातं कशाला?

ऑफिसातला प्रिंटर तुमच्या खुर्चीपासून सहा फुटांवर आहे. त्यावर एक पान छापायला आज काय काय लागतं ते मोजा. कंपनीचं अ‍ॅप. अ‍ॅपसाठी खातं. खात्यासाठी ईमेल, ईमेलवर आलेला कोड, लोकेशनची परवानगी, आणि वर अखंड इंटरनेट. कागदावर शाई उमटवायला यातलं काहीही लागत नाही. तरी आपण मुकाट्याने ‘अलाउ’, ‘अलाउ’, ‘अ‍ॅग्री’ दाबत जातो आणि याला सोपं म्हणतो.

माझं म्हणणं असं की हे सोपं नाही, सोपवलेलं आहे. स्वतःच्या खोलीतल्या यंत्राचा ताबा आपण दुसऱ्याला सोपवला आणि बदल्यात एक गोंडस आयकॉन घेतला. ऑफिसातल्या प्रिंटरला स्वतःचा पत्ता हवा, आणि तो पत्ता देण्याचं काम ऑफिसातल्या निदान एका माणसाला यायला हवं. छोट्या ऑफिसांची नेटवर्कची कामं करून मी पोट भरतो. तेव्हा हे सांगण्यात माझा तोटाच आहे. जितक्यांना हे जमेल तितके मला येणारे फोन कमी होतील. होऊ देत.

आधी ते काम आहे तरी काय ते बघू. कारण त्याची भीती घालूनच आपल्याला अ‍ॅप विकलं जातं.

एचपीच्या लेझरजेट ४००० सारख्या जुन्या दणकट प्रिंटरला मागे एक खाच असे. तिला ईआयओ स्लॉट म्हणतात. त्यात तळहाताएवढं एक कार्ड बसायचं, जेटडायरेक्ट नावाचं. एचपीने जेटडायरेक्ट १९९१मध्ये आणलं. प्रिंटर बंद करायचा, वायर भिंतीतून काढायची, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून प्रिंटरच्या उघड्या धातूला हात लावायचा. झाकणाचे दोन स्क्रू काढायचे, कार्ड सरळ आत सरकवायचं, नीट बसलं की स्क्रू आवळायचे. नेटवर्कची केबल खोचायची आणि प्रिंटर चालू करायचा. मग मेनूतून कॉन्फिगरेशन पेज छापायचं. त्याच्यासोबत कार्डाचं स्वतःचं एक पान येतं. त्यावर ‘आय/ओ कार्ड रेडी’ असं दिसलं की अर्धं काम झालं. पेचकस धरता येणाऱ्या कुणालाही दहा मिनिटांत जमेल असं हे काम आहे.

त्या पानावर दोन गोष्टी वाचायच्या. एक, हार्डवेअर अ‍ॅड्रेस, म्हणजे बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता. तो कार्डाचा जन्मखूण असतो, सहसा बदलत नाही. दुसरा आयपी पत्ता. हा राउटरने वाटलेला असतो. राउटरमध्ये डीएचसीपी नावाची सोय असते, ती येईल त्या यंत्राला रिकामा पत्ता देते. पत्ता वाटणारं कुणी भेटलंच नाही तर जुनी जेटडायरेक्ट कार्डं १९२.०.०.१९२ हा ठरलेला पत्ता स्वतःच घेऊन बसायची. पानावर हा आकडा दिसला की अनुभवी माणूस ओळखतो, केबल किंवा डीएचसीपी यातलं काहीतरी बिनसलंय.

खरी गोम यापुढे आहे. डीएचसीपीने दिलेला पत्ता भाड्याच्या खोलीसारखा असतो. आज ३७, वीज जाऊन आली की उद्या ४२. कॉम्प्युटर मात्र ३७चंच दार ठोठावत बसतो आणि ‘प्रिंटर ऑफलाइन’ म्हणतो. ऑफिसांमधल्या ‘प्रिंटर चालत नाही’ या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारींत प्रिंटरला काहीही झालेलं नसतं, त्याचं फक्त घर बदललेलं असतं. उपाय असा: राउटरमध्ये जाऊन त्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी राखून ठेवायचा. किंवा राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला त्याबाहेरचा, समजा १९२.१६८.१.५०, कायमचा द्यायचा. मग विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना आपोआप सापडलेल्यावर टिचकी न मारता ‘टीसीपी/आयपी पत्त्याने जोडा’ हा पर्याय निवडायचा. आपोआप जोडलेला प्रिंटर अनेकदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर बसतो आणि त्याचे रुसवेफुगवे वेगळेच.

झालं. आता प्रिंटरचा पत्ता कागदाच्या चिठ्ठीवर लिहून त्याच्याच अंगावर चिकटवा. इंटरनेट बंद पडलं तरी तो छापेल.

आता नव्या प्रिंटरमध्ये वेगळं कार्ड नसतं, ते फॉर्मॅटर बोर्डावरच असतं. पण वरची सगळी कामं तशीच्या तशी लागू पडतात. आणि ‘मी तर मोबाइलवरून छापतो’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावं. आयफोनमध्ये एअरप्रिंट २०१०पासून आहे आणि अँड्रॉइडमध्येही बिनखात्याची छपाईची सोय आता फोनसोबतच येते. फोन आणि प्रिंटर एकाच नेटवर्कवर असले आणि प्रिंटर फार जुना नसला की दोघं आपापसात बोलतात. मध्ये कुणाला विचारावं लागत नाही. ही सोय तुमच्या हातातच असते. कंपनी मात्र खोक्यावर क्यूआर कोड छापते तो तिच्या अ‍ॅपचा.

इतिहासाकडे बघितलं तर हे सगळं जास्तच खटकतं. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेटचं टिपण लिहिलं. तिथे ऑल्टो नावाचे कॉम्प्युटर होते आणि गॅरी स्टार्कवेदर यांनी घडवलेला लेझर प्रिंटर होता. सगळ्या कॉम्प्युटरांनी एक वेगवान प्रिंटर वाटून घ्यावा, ही त्या जाळ्यामागची एक मोठी गरज होती. म्हणजे आपण ज्याला लोकल नेटवर्क म्हणतो त्याच्या बारशाला प्रिंटर हजर होता. शेजारच्या टेबलावरून शेजारच्या यंत्राशी थेट बोलता यावं म्हणून जे बनलं, त्यावर पन्नास वर्षांनी आपलं पान आधी परदेशातल्या सर्व्हरला नमस्कार करून मग सहा फुटांवर येतं.

आणि तो सर्व्हर कायम राहतो का? गूगलने क्लाउड प्रिंट नावाची सेवा दहा वर्षं चालवली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केली. गूगलसारख्या कंपनीची सेवा, तीही गेली. याउलट जेटडायरेक्टने रुळवलेली ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून छापायची पद्धत बघा. आजही ऑफिसातले बहुतेक नेटवर्क प्रिंटर त्या दारावर ऐकत उभे असतात. तिला परवाना लागत नाही, नूतनीकरण लागत नाही, कुणी ती ‘बंद करतोय’ असं जाहीर करू शकत नाही.

खात्याची गोष्ट तर आणखी वाईट. पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसात मला बोलावलं होतं. प्रिंटर धडधाकट, कागद भरलेला, टोनर नवा. पण छापेना. तो बसवताना तिथल्या एका मुलाने स्वतःच्या ईमेलवर खातं काढलं होतं. मुलगा वर्षभराने नोकरी सोडून गेला, जाताना पासवर्ड विसरला किंवा द्यायचा राहिला. प्रिंटर ऑफिसच्या पैशाचा, वीज ऑफिसची, कागद ऑफिसचा, आणि मालकी एका गेलेल्या मुलाच्या इनबॉक्सची. तिथल्या बाई मला म्हणाल्या, “अहो, त्याला फोन करून प्रिंट काढू का आम्ही आता?” मी प्रिंटर पूर्ववत कोरा केला, पत्ता दिला, खात्याला हातही लावला नाही. त्यांनी पंचवीस मिनिटांचे पैसे दिले. त्यातली निम्मी मिनिटं राउटरचा पासवर्ड शोधण्यात गेली, तोही कुणालाच माहीत नव्हता.

खातं कशासाठी मागतात, हा प्रश्न आपण विचारत नाही. सप्टेंबर २०१६मध्ये एचपीचे अनेक प्रिंटर एके दिवशी अचानक दुसऱ्या कंपन्यांची शाईची काडतुसं नाकारू लागले. आधीच आत घातलेल्या फर्मवेअरने ते केलं होतं. ओरड झाल्यावर कंपनीने नीट कळवलं नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली. पुढे ‘एचपी प्लस’ आलं. त्यात उघड अट आहे: खातं हवं, इंटरनेट सतत जोडलेलं हवं, आणि शाई आमचीच हवी, प्रिंटर असेपर्यंत. इंटरनेट लागतं ते पान छापायला नव्हे, तुम्ही करार पाळताय का ते बघायला. विकलेल्या वस्तूवर पहारा बसवण्याला ‘स्मार्ट’ म्हणायची पद्धत आपण कधी मान्य केली?

याविरुद्ध तीन गोष्टी मला नेहमी ऐकवल्या जातात.

पहिली: सामान्य माणसाला आयपी-बियपी कळत नाही. हेच लोक नव्या फोनवर यूपीआय चालू करतात, पत्रिकेवरून लग्नं जमवतात आणि आयकराचं विवरणपत्र भरतात. चार आकडे आणि तीन टिंबं त्यांना जड जातील, हा समज विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. कळत नाही असं नसतं, कुणी सांगितलेलं नसतं. प्रिंटर बसवायला येणारा माणूस काम करून निघून जातो. काय केलं ते कुठे लिहीत नाही, आणि लिहावं असं त्याला कुणी सांगतही नाही. नळ बसवला तर बंद करायचा कॉक कुठे ते आपण विचारून घेतो. इथे का नाही?

दुसरी: घरून, गावाहून ऑफिसच्या प्रिंटरवर छापायचं तर क्लाउड लागतोच. मान्य. दहा शाखा असलेल्या कंपनीला त्याची गरज असेल. पण चार टेबलांच्या ऑफिसात घरून कोण काय छापतं? जे रोज लागतं त्याचा पाया दुसऱ्याच्या हातात आणि जे वर्षातून दोनदा लागतं त्याची सोय दिमाखात, हा उलटा हिशेब आहे.

तिसरी आक्षेपाची गोष्ट वजनदार आहे: असा पत्ता दिलेला प्रिंटर असुरक्षित नसतो का? असतो, उघड्यावर टाकला तर. २०१८च्या अखेरीस एकाने इंटरनेटवर उघडे पडलेले प्रिंटर शोधून काढले आणि ९१००च्याच दारातून एका यूट्यूब चॅनलची जाहिरात जगभर छापली. पन्नास हजार प्रिंटर गाठल्याचा त्याचा दावा होता. ते दार लोकलसाठी होतं, कुणीतरी राउटरमध्ये ते जगाला उघडं ठेवलं होतं. त्यामुळेच तर मी म्हणतो की पत्ता देणाऱ्याला काम पूर्ण यायला हवं. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाका, त्याचं स्वतःचं पान उघडेल. तिथे प्रशासकाचा पासवर्ड टाका, कारण जुन्या कित्येक प्रिंटरांत ती जागा कोरीच असते. एसएनएमपीचं परवलीचं नाव ‘पब्लिक’ असेल तर बदला, आणि बदलल्यावर विंडोजच्या पोर्टमध्येही तेच टाका, नाहीतर चालू प्रिंटर ऑफलाइन दिसेल. टेलनेट, एफटीपी, अ‍ॅपलटॉक यांची गरज नसेल तर बंद करा. राउटरमधून प्रिंटरकडे बाहेरचं दार उघडू नका. जुन्या कार्डाचं एन्क्रिप्शन आजचे ब्राउझर मानत नाहीत, म्हणून ते घरातल्या घरातच ठेवा. खातं काढल्याने यातलं काहीही आपोआप होत नाही.

सुरक्षेचा इतका कळवळा असेल तर नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात डोकावा. पोरं आपलं आधार, मार्कशीट, भाडेकरार दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि दोन रुपये देऊन निघून जातात. फाइल तिथेच राहते. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने आधारची प्रत कुठेही देऊ नका असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. सावधगिरी मागे घेता येते, गेलेली फाइल मागे घेता येत नाही. ऑफिसात, अभ्यासिकेत, सोसायटीत स्वतःचा, स्वतःच्या पत्त्याचा एक प्रिंटर असणं ही चैन नाही. आपला कागद आपल्या चार भिंतींत छापून घेण्याचा तो साधा मार्ग आहे.

म्हणून माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रिंटर घेताना दुकानात एकच प्रश्न विचारा: “हा खात्याशिवाय, इंटरनेटशिवाय छापतो का?” उत्तर नाही आलं तर दुसरा दाखवायला सांगा. बसवणाऱ्याकडून आयपी, मॅक आणि पासवर्ड लिहून घ्या, ऑफिसच्या वहीत, एखाद्याच्या फोनमध्ये नव्हे. प्रिंटरवर चिठ्ठी लावा. आणि ऑफिसात नव्याने आलेल्या मुलीला किंवा मुलाला ते कॉन्फिगरेशन पेज एकदा स्वतः छापायला लावा.

हे वाचताय त्या फोनवर आत्ता वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचा आयपी बघा. ज्या खोलीत बसलाय तिथला तो तुमचा घर क्रमांक आहे. प्रिंटरचा क्रमांक त्याच गल्लीत आहे. दार वाजवायला तिसऱ्याची परवानगी मागू नका.