भाषा अवगत, फिर्याद बंद

राज्यकर्त्याने प्रजेची भाषा शिकावी, हे तत्त्व कोणाही सुज्ञास मान्य होईल. परंतु ती कशासाठी शिकली, हे विचारल्यावाचून त्या विद्येचे मोल ठरविता येत नाही. १९०८ ते १९१९ पर्यंत वायव्य सरहद्द प्रांताचे चीफ कमिशनर असलेले सर जॉर्ज रूस-केपेल यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे.

हे गृहस्थ पुश्तूचे खरे जाणकार होते. काझी अब्दुल गनी खान यांच्यासह त्यांनी रचलेले पुश्तूचे पाठ्यपुस्तक १९०१ साली निघाले. १९१३ साली पेशावरास इस्लामिया कॉलेज उभे राहिले, त्यातही साहिबजादा अब्दुल कय्यूम यांच्याबरोबर त्यांचा मोठा वाटा होता. हे श्रेय देताना आम्ही हात आखडणार नाही.

तथापि त्याच १९०१ साली ‘फ्राँटियर क्राइम्स रेग्युलेशन’ जारी झाले. त्यान्वये डेप्युटी कमिशनर खुनाचासुद्धा खटला जिरग्याकडे सोपवी. जिरग्याचे पंच तोच नेमी आणि त्यांचा अभिप्राय स्वीकारणे न स्वीकारणे त्याच्याच मर्जीवर असे. वकिलास थारा नसे, निकालावर अपील नसे. फार तर वरिष्ठ अंमलदाराकडे फेरतपासणीचा अर्ज. एकाच्या अपराधाबद्दल सबंध टोळीची माणसे अटकेत घेता येत. जिरगा हा पठाणांचाच रिवाज, असे याचे समर्थन होई. पण पठाणांच्या खऱ्या जिरग्याचे पंच सरकार नेमीत नसे! शब्द पुश्तू राहिला, अधिकार साहेबाचा झाला. हा फरक पुश्तूच्या पंडितास कळत नव्हता, असे कोण म्हणेल? तरीही अकरा वर्षे त्यांनी याच कायद्याने कारभार हाकला.

पुढे १९२१ साली खान अब्दुल गफार खान यांनी उतमानझई येथे आझाद शाळा काढली. त्याच वर्षी त्यांस या कायद्याच्या ४०व्या कलमाखाली तीन वर्षांची शिक्षा झाली. इंग्रज १९४७ साली गेले. टोळ्यांच्या मुलुखातून हा कायदा मात्र २०१८ साली हटला. परक्याने घडविलेले सोयीचे हत्यार स्वकीयही सहसा खाली ठेवीत नाहीत, हा यातील बोध कोणत्याही देशाने विसरू नये.

म्हणून अंमलदारांच्या भाषापरीक्षेस आमचा विरोध नाही. ती अवश्य घ्यावी. परंतु आरोपीस त्याच भाषेत बचाव करता येतो काय, निकालाची कारणे त्याच भाषेत मिळतात काय आणि त्यावर दाद मागता येते काय, ही परीक्षा सरकारनेही द्यावी. तीत जे सरकार नापास होते, त्याच्या अंमलदारांचे भाषाप्रभुत्व प्रजेच्या काय कामाचे?