शिस्त धाकाची की बक्षिसाची?

पोलीस आणि लष्कराच्या श्वानांना शिकवताना गळ्यातील साखळीला हिसका द्यायचा, की काम फत्ते झाल्यावर चेंडू द्यायचा, हा वाद वरवर पाहता प्राणिप्रेमाचा वाटतो. प्रत्यक्षात कुत्र्याने दिलेल्या इशाऱ्यावर माणसांनी कितपत विसंबायचे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

मार्च १९९३ मधील साखळी बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली. त्यानंतरच्या शोधमोहिमेत बॉम्बशोधक व नाशक पथकातील 'झंजीर' या लॅब्राडोर जातीच्या कुत्र्याचे नाव घरोघरी पोहोचले. ३ हजार ३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून काढल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेला 'झंजीर' १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा मुंबई पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी 'मॅक्स', 'सुलतान', 'टायगर' आणि 'सीझर' हे चार लॅब्राडोर याच शहरात कर्तव्यावर होते.

या श्वानांच्या पराक्रमाच्या कथा वारंवार सांगितल्या जातात. ते शिकले कसे, याची चर्चा मात्र क्वचितच होते. वास्तविक आरडीएक्स म्हणजे काय, त्याने किती माणसे मरतात, याची कुत्र्याला कल्पना नसते. विशिष्ट वास सापडला आणि त्याच्याजवळ शांत बसले की आवडता चेंडू मिळतो, एवढेच त्याला ठाऊक असते. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याने भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही, नुसते बसायचे, हा दंडक आहे. कारण एका पंजाच्या धक्क्यानेही अनर्थ ओढवू शकतो. म्हणजेच हजारो माणसांच्या जिवाचा हवाला असलेले हे काम कुत्र्याच्या लेखी एक खेळ असतो. हा खेळ त्याने आवडीने खेळावा की भीतीपोटी, यावरून गेली कित्येक दशके जगभरातील प्रशिक्षकांमध्ये दोन तट पडले आहेत.

दोन परंपरा

धाकाच्या परंपरेचे मूळ जर्मनीत आहे. पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये श्वान प्रशिक्षणावर लिहिलेले पुस्तक पुढे अनेक देशांच्या पोलीस व लष्करी प्रशिक्षणाचा पाया ठरले. बक्षिसाचे महत्त्व मोस्ट यांना ठाऊक नव्हते असे नव्हे. कृती आणि तिचे फळ यांत क्षणाचेही अंतर नको, हा आजही मान्य असलेला नियम त्यांनी तेव्हाच सांगितला होता. तथापि, आज्ञापालन हे अखेर सक्तीनेच अंगवळणी पडते, अशी त्यांची धारणा होती. काटेरी गळपट्टा आणि छडी ही त्यांच्या पद्धतीतील मान्य साधने होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी कुत्री तयार करणाऱ्या विल्यम कोहलर यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकातून हीच परंपरा सामान्य श्वानपालकांपर्यंत नेली. चुकले की साखळीला हिसका, हे तिचे सूत्र.

बक्षिसाची परंपरा प्रयोगशाळेतून आली. केलेल्या कृतीचे फळ सुखद असेल, तर प्राणी ती कृती पुन्हा करतो, हा नियम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांडला आणि बी. एफ. स्किनर यांनी त्याचे शास्त्र केले. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड या दाम्पत्याने १९४० च्या दशकात हे शास्त्र प्राण्यांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात आणले. कॅरन प्रायर यांनी १९८४ च्या पुस्तकातून ते लोकप्रिय केले. अचूक कृतीच्या क्षणी डबीचा 'टिक्' असा आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा, ही आज अनेक श्वानपालकांना परिचित असलेली पद्धत याच परंपरेतील आहे.

धाकाची मर्यादा

धाकाची पद्धत निष्फळ असती, तर ती शंभर वर्षे टिकलीच नसती. गळ्याला हिसका बसला की कुत्रा थांबतो, हे खरेच आहे. मात्र थांबवणे आणि शोधायला लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिक्षेने एखादी कृती बंद पाडता येते; उत्साहाने एकेक सामान, एकेक डबा, एकेक कोपरा हुंगत जाण्याची इच्छा शिक्षेने निर्माण करता येत नाही. वासाचे काम तर सर्वस्वी या इच्छेवर चालते. शिवाय तणावाखालचा कुत्रा धापा टाकतो आणि तोंडाने धापा टाकणारा कुत्रा नाकाने नीट हुंगू शकत नाही. मुंबईतील मे महिन्याच्या उकाड्यात कुत्र्याला आधीच धाप लागलेली असते. त्यात भीतीची भर पडली, तर त्याच्या नाकाचा उपयोग आणखी घटणार, हे उघड आहे.

संशोधनाचा कौलही बऱ्याच अंशी याच दिशेने जातो. बेल्जियमच्या लष्करातील ३३ श्वान-हस्तक जोड्यांचे निरीक्षण करणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. साखळी ओढणे आणि गळपट्ट्याला धरून कुत्र्याला वर लटकवणे या तेथे सर्रास दिसलेल्या शिक्षा होत्या. ज्या जोड्यांची कामगिरी निकृष्ट होती, त्यांच्यातील कुत्र्यांना अधिक शिक्षा झालेल्या आढळल्या. अर्थात, शिक्षेमुळे काम बिघडले की काम बिघडल्यामुळे शिक्षा झाली, हे अशा निरीक्षणातून ठामपणे सांगता येत नाही. पण शिक्षा वाढवल्याने काम सुधारते, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, हेही तितकेच खरे. नेदरलँड्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यावर झालेल्या २००४ च्या अभ्यासात, असे झटके मिळालेली कुत्री प्रशिक्षणाच्या मैदानाबाहेर, साध्या बागेत फिरतानाही मालकासोबत दबून वागताना दिसली. वेदना आणि हस्तक यांची सांगड त्यांच्या मनात कायमची बसली होती.

धाकाची पद्धत हाताबाहेर गेली की काय होते, याचा धडा ब्रिटनला १९९७ मध्ये मिळाला. एसेक्स परगण्यातील पोलीस प्रशिक्षणादरम्यान 'एसर' नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्र्याला लटकवून लाथा मारण्यात आल्या आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. संबंधित पोलीस दोषी ठरले. 'शिस्त' आणि 'मारहाण' यांच्यातील सीमारेषा मैदानावर किती सहज पुसली जाते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

बक्षिसाचीही कसोटी

असे असले, तरी हा निकाल एकतर्फी नाही. वास शोधणारा कुत्रा आणि गुन्हेगारावर झेप घेणारा कुत्रा यांच्या कामांत मोठा फरक आहे. हल्ल्याच्या आवेशात असलेल्या बेल्जियन मॅलिनॉइससाठी समोरच्या माणसाचा दंड दातांत पकडणे हेच सर्वांत मोठे बक्षीस असते. अशा वेळी खाऊ किंवा चेंडू दाखवून त्याला पकड सोडायला लावणे कठीण जाते. जर्मनीत ४२ पोलीस श्वानांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच अडचण पुढे आली. बक्षीस हुकल्याचे सूचित करणारा वेदनारहित संकेत त्या आवेशात अगदी थोड्या कुत्र्यांना थांबवू शकला. तरीही १ जानेवारी २०२२ पासून जर्मनीने काटेरी गळपट्ट्यासारखी वेदनादायी साधने प्रशिक्षणात वापरण्यास बंदी घातली. त्यानंतर बर्लिन पोलिसांना आपल्या संरक्षक श्वानांचा वापर थांबवावा लागला आणि सरकारी श्वानांना सवलत हवी, अशी मागणी सुरू झाली. वेदनेचा मार्ग बंद करताना पर्यायी मार्ग तयार नसेल, तर काय होते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

बक्षिसाच्या पद्धतीचा स्वतःचाही एक दोष आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. बसले की चेंडू मिळतो, हे कळलेला हुशार कुत्रा वास नसतानाही बसू लागतो. त्यातून हस्तकाच्या नजरेतील, चालीतील सूक्ष्म बदलही तो टिपतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. १८ श्वान-हस्तक जोड्यांना एका चर्चच्या इमारतीत शोध घ्यायला लावण्यात आले. तेथे अमली पदार्थ किंवा स्फोटके काहीच ठेवलेले नव्हते. हस्तकांना मात्र ते असू शकतील, असे सांगितले होते. एकूण १४४ शोधांपैकी केवळ २१ शोध निर्दोष ठरले आणि तब्बल २२५ चुकीचे इशारे नोंदवले गेले. काही ठिकाणी खुणेचा कागद लावून हस्तकांची दिशाभूल केली होती. तेथे इशाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. चूक कुत्र्याच्या नाकाची नव्हती, तर माणसाच्या अपेक्षेची होती.

यावर उपाय नाही असे नाही. नमुना कोठे लपवला आहे, हे हस्तकालाही माहीत नसेल असा सराव घेणे, काहीही न लपवलेल्या जागांचा त्यात मुद्दाम समावेश करणे आणि 'येथे काही नाही' हे उत्तरही योग्य मानणे, ही त्यातील प्रमुख पथ्ये आहेत. थोडक्यात, बक्षीस देणे सोपे आहे. ते नेमक्या वेळी आणि नेमक्या उत्तरालाच देणे अवघड आहे. त्यासाठी हस्तकाचा वेळ, संयम आणि शिक्षण लागते. साखळीच्या हिसक्याला यांपैकी काहीच लागत नाही आणि बहुधा हेच त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य असावे.

न्यायालयात कुत्रा बोलत नाही

कुत्र्याचा इशारा चुकला, तर त्याची किंमत अखेर माणसाला मोजावी लागते. रेल्वेगाडी रुळांवरून घसरवल्याच्या महाराष्ट्रातील एका खटल्यात सुमारे साडेपाच दशकांपूर्वी सर्वोच्च न्यायालयासमोर श्वानपथकाच्या माग काढण्याचा मुद्दा आला होता. कुत्र्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येत नाही. त्याच्या वतीने हस्तक जे सांगतो, ते ऐकीव ठरते. आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून असू नये, अशा आक्षेपांचा न्यायालयाने त्या वेळी ऊहापोह केला आणि त्या पुराव्याला फारसे वजन दिले नाही. श्वानाची साक्ष हस्तकाच्या तोंडूनच येणार असेल, तर त्या दोघांमधील नाते कशाच्या आधारावर उभे राहिले आहे, हे तपासणे ओघानेच येते. शिक्षा चुकवण्यासाठी हस्तकाच्या चेहऱ्याकडे पाहणारा कुत्रा आणि चेंडूच्या आशेने त्याच्या चेहऱ्याकडे पाहणारा कुत्रा, दोघेही तपासाला सारखेच घातक. नाक खाली ठेवून स्वतंत्रपणे काम करणारा कुत्राच खरी साक्ष देऊ शकतो.

भारतात श्वान प्रशिक्षणाची परंपरा लहान नाही. लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचे मेरठ येथील केंद्र, सीमा सुरक्षा दलाचे ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथील केंद्र आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे बंगळुरूजवळील तरालू येथील प्रशिक्षण विद्यालय या त्यातील प्रमुख संस्था आहेत. २०१९ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने पोलीस श्वानांसाठी स्वतंत्र कक्षही स्थापन केला. देशभरातील पथकांच्या प्रशिक्षणात एकसूत्रता आणण्यासाठी असा कक्ष उपयुक्त ठरू शकतो.

कायद्याचे चित्र मात्र विरोधाभासाचे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने सर्कशीसारख्या खेळांसाठी प्राण्यांना शिकवणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले. पण त्याच प्रकरणातून लष्करी व पोलिसी प्रशिक्षणाला सूट दिली. प्राण्याला मारहाण करणे हा गुन्हा सर्वांनाच लागू असला, तरी या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठेवलेला दंड अवघा १० ते ५० रुपयांचा होता. त्यात वाढ सुचवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला. सर्कशीतल्या कुत्र्याची नोंद व्हावी आणि देशासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या कुत्र्याच्या प्रशिक्षणाबाबत त्या प्रकरणाने गप्प राहावे, ही विसंगती दूर होणे आवश्यक आहे.

त्यासाठी केवळ बंदी पुरेशी नाही, हे बर्लिनच्या अनुभवावरून दिसते. प्रशिक्षणात कोणती साधने वापरायची व कोणती नाहीत, हे लेखी ठरवणे, वास शोधणाऱ्या श्वानांसाठी बक्षिसाची पद्धत हाच नियम करणे, झेप घेणाऱ्या श्वानांच्या बाबतीत सक्तीच्या प्रत्येक वापराची नोंद ठेवणे आणि त्रयस्थांकडून नियमित चाचण्या घेऊन प्रत्येक जोडीचे बरोबर व चुकीचे इशारे मांडणे, ही पावले टाकता येण्याजोगी आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हस्तकाच्या शिक्षणावर कुत्र्याच्या शिक्षणाइतकाच खर्च व्हायला हवा.

रेल्वे स्थानकावरील बेवारस बॅगेजवळ एखादा लॅब्राडोर शांतपणे बसतो, तेव्हा क्षणार्धात फलाट रिकामा केला जातो. तो न बसता पुढे गेला, तर हजारो प्रवासी निर्धास्तपणे गाडीत चढतात. त्याचे बसणे आणि न बसणे, दोन्ही खरे असणे ही या शहराची गरज आहे. दरारा बसवलेल्या कुत्र्याकडून आज्ञापालन मिळू शकेल. खरे उत्तर मात्र ज्याला चुकण्याची भीती नाही आणि उगाच बसून काही मिळण्याची आशाही नाही, अशाच कुत्र्याकडून मिळेल.